लंडनचें वेस्ले मंदिर

आपल्या देवालयाच्या महोत्सवप्रसंगीं मेथडिस्ट बांधवांच्या एका मंदिराची हकीकत सांगतों. ती निष्कारण नव्हे.

लंडनमध्यें तोफा ओतण्याचा एक कारखाना १७१६ च्या स्फोटानंतर ओसाड पडला होता. तेथें जॉन वेस्ले यांनीं १७३९ मध्यें उपासनेची जागा केली. पुढें १७७७ मध्यें त्यांनीं सिटी रोडवर नव्या मंदिराची कोनशिला बसविली आणि १ नोव्हेंबर १७७८ रोजीं तें उघडलें. आराखडा धाकटे जॉर्ज डान्स यांचा. बांधणी विटांची व साधी. आंत उंच व्यासपीठ व तीन बाजूंस सज्जे. त्या सज्ज्यांस प्रथम आधार होता जहाजांच्या डोलकाठ्यांचा! १८९१ मध्यें त्यांच्या जागीं देशोदेशींच्या मेथडिस्टांनीं अर्पिलेले यास्फे पाषाणाचे खांब आले. मंदिरामागें १७९१ पासून वेस्ले चिरविश्रांति घेत आहेत.

१९७२ मध्यें इमारत धोक्याची ठरून बंद झाली. तिची दुरुस्ती होऊन १९७८ मध्यें, बरोबर दोनशें वर्षांनीं, दारें पुन्हा उघडलीं.

पाया एका पिढीनें घातला, खांब दुसरीनें दिले, छप्पर तिसरीनें सांवरलें. आपलें छप्परही पावसाळ्यांत गळतें. वाडवडिलांनीं आपला वांटा उचलला. आतां पाळी आपली आहे. प्रभु आपणांस तशी बुद्धि देवो.