गाडीचा मूळ रंग कोणता? एक प्रमाणविचार



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर एका गृहस्थांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "सर, तुमचं हे प्रमाणशास्त्र रोजच्या व्यवहारात कुठे लागतं हो?" त्यांना मी आजचा वायदा दिला होता. तेव्हा आज विषय जुन्या गाड्यांचा, त्यातही त्यांच्या रंगाचा. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. (हशा)

सुरुवात गिरगावातून करतो. १९७१च्या आसपासची गोष्ट. आमच्या वाडीत तळमजल्यावर एक गृहस्थ राहायचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांनी जुनी फियाट घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली, पांढरीशुभ्र. विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "एक हात चाललेली गाडी, रंगसुद्धा कंपनीचा." चार-सहा महिन्यांनी दाराला पोचा आला. पेंटरने तेवढा भाग खरवडला, तर पांढऱ्याखाली काळा निघाला. मग त्याने टपावर, रबराच्या बीडिंगच्या कडेला नखाएवढी जागा खरवडली. तिथे पिवळा! सगळी वाडी बघायला जमली. मामांची गाडी म्हणजे रंग दिलेली टॅक्सी होती. मामी दोन दिवस बोलल्या नाहीत.

पण माझ्या लक्षात राहिलाय तो पुढचा भाग. सगळे म्हणत होते, "म्हणजे मूळची काळी-पिवळी." तो पेंटर म्हणाला, "थांबा." त्याने डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं, बॅटरी लावली आणि म्हणाला, "इथे राखाडी आहे. टॅक्सीच्याही आधी ही कोणाची तरी घरची गाडी होती." मी तेव्हा एम.ए.ला न्यायदर्शन वाचत होतो. त्या पेंटरने जे केलं त्याला आमच्याकडे अनुमान म्हणतात. आणि विकणाऱ्याने जे केलं त्यालाही आमच्याकडे नाव आहे, पण ते जाऊ द्या.

आता 'मूळ रंग' या दोन शब्दांत किती प्रश्न दडलेत ते बघा. आज पत्र्यावर जो थर आहे तोच कारखान्यात बसलेला थर आहे का, हा एक प्रश्न. थर नंतरचा असेल, पण छटा कारखान्याने या गाडीला दिली होती तीच आहे का, हा दुसरा. आणि या गाडीचं सोडा, त्या वर्षी त्या मॉडेलला ही छटा मिळत तरी होती का, हा तिसरा. जुन्या गाड्यांच्या बाजारात गंमत अशी चालते की विकणारा उत्तर तिसऱ्या प्रश्नाचं देतो आणि घेणारा ते पहिल्याचं समजून ऐकतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. व्यवहार मात्र खोटा होतो.

पंचेचाळीसेक वर्षांनी हा प्रश्न पुन्हा माझ्याकडे आला. माझा एक जुना विद्यार्थी आहे, दादरला राहतो. त्याच्या आजोबांची जॅग्वार एक्सके १२० घरात आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा आली आणि १९५४पर्यंत निघाली. सगळ्या मिळून साधारण बारा हजार. नावातला १२० म्हणजे ताशी १२० मैल. तर याची गाडी लालभडक. घरात सगळे म्हणायचे, आजोबांनी लालच घेतली. पुरावा म्हणून चौपाटीवरचा एक फोटो होता, कृष्णधवल, त्यात गाडी गडद दिसते. याने इंग्लंडहून जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टचा दाखला मागवला. कारखान्याच्या जुन्या वह्यांवरून हा दाखला देतात. चॅसिसचा नंबर, इंजिनचा नंबर, गाडी कधी तयार झाली, कधी रवाना झाली, कोणत्या वितरकाकडे गेली आणि बाहेरचा-आतला रंग कोणता, हे त्यात असतं. दाखल्यात रंग होता पेस्टल ब्लू. फिका निळा!

पोरगा हादरला होता. मला म्हणाला, "सर, आजोबा खोटं बोलले का?" तो म्हणून नाही, पण त्याच्या आईने विचारलं ते जास्त खरं होतं. "ही गाडी आपलीच आहे ना?"

आता प्रमाणं लावू. न्यायदर्शनात चार प्रमाणं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दाखला हे शब्दप्रमाण. शब्द प्रमाण केव्हा? तर बोलणारा आप्त असेल तेव्हा. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे (हशा), तर वस्तू स्वतः जाणून ती आहे तशी सांगण्याची इच्छा असलेला माणूस. कॉव्हेन्ट्रीचा तो कारकून आप्त आहे का? आहे. त्याला खोटं लिहून काही मिळणार नव्हतं. पण तो कशाबाबत आप्त आहे? गाडी फाटकाबाहेर पडली त्या दिवसाबाबत. दुसऱ्या दिवशीपासून त्याचं ज्ञान संपलं. तसेच आजोबाही आप्त आहेत, पण त्यांनी गाडी पहिल्यांदा पाहिली त्या दिवसापासून पुढे.

आणखी एक मेख आहे, ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दाखला एका नंबराबद्दल बोलतो, समोरच्या गाडीबद्दल नाही. नंबराची पट्टी दोन रिव्हेट काढून दुसऱ्या गाडीवर बसवता येते. म्हणून पट्टीवरचा नंबर, चॅसिसवर ठोकलेला नंबर, इंजिनवरचा आणि बॉडीचा वेगळा नंबर, हे सगळे दाखल्याशी जुळवायचे. इथे चारही जुळले. आईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

मग फोटो. फोटो म्हणजे प्रत्यक्ष, असं आपल्याला वाटतं. पण त्या काळात रोल फिल्मचे दोन प्रकार चालू होते. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल वस्तू काळी यायची आणि निळी वस्तू फिकी. पॅनक्रोमॅटिक फिल्ममध्ये लाल मध्यम करडा येई. तेव्हा गडद दिसणारी गाडी लाल असू शकते, काळी असू शकते, बाटलीसारखी हिरवीही असू शकते. फोटो लाल रंग सिद्ध करत नाही. पण फिका निळा मात्र कोणत्याही फिल्मवर फिकाच येतो. म्हणजे फोटो एवढं नक्की सांगतो की चौपाटीवर उभी होती त्या दिवशी ती गाडी पेस्टल ब्लू नव्हती. नकार सिद्ध झाला, होकार नाही.

उरला पत्रा. परळच्या एका गॅरेजमध्ये आम्ही गेलो. तिथला पेंटर सत्तरीचा, माझ्याच वयाचा. गणपतीच्या आधी दोन महिने लालबागच्या कारखान्यांत मूर्तींवर स्प्रे मारायचा, बाकी वर्षभर गाड्या. रंग गाडीत कुठे लपतो हे त्याला तोंडपाठ: स्टेपनीखाली, दाराच्या आतल्या पॅनेलमागे, डॅशबोर्डच्या पोटात, गालिच्याखाली. रंग बदलणारा या जागा सहसा सोडतो, कारण तिथे कोण बघतंय? उलट रबरावर, वायरवर रंगाचे शिंतोडे दिसले तर समजावं की गाडी न खोलताच रंगवली आहे. कारखान्यात रंग आधी होतो, वायर-रबर मागाहून बसतं.

स्टेपनीखाली त्याने वॉटर पेपरने रुपयाएवढी जागा गोल गोल घासली, कडेला कमी, मध्ये जास्त. झाडाच्या खोडासारखी वर्तुळं उमटली. वर लाल, मग तांबूस, मग फिका निळा, मग करडं प्रायमर, मग पत्रा. मी लगेच म्हणालो, "दोन वेळा लाल रंग दिलाय." तो हसला. "सर, तो लाल नाही, रेड ऑक्साइड. अस्तर आहे." गेरूसारखं दिसणारं ते अस्तर पाहून भलेभले फसतात, मी तर मास्तरच.

पण निळा हासुद्धा कशावरून कारखान्याचा? कशावरून तो मधल्या कोणा मालकाचा नाही? इथे त्याने भिंग दिलं. निळा आणि त्याखालचं करडं प्रायमर यांच्यामध्ये काहीच नव्हतं, थर थराला चिकटलेला. एका कामात, पाठोपाठ दिलेले थर असे असतात. निळा आणि तांबूस अस्तर यांच्यामध्ये मात्र एक काळपट रेघ होती. ती रेघ म्हणजे मळ. धूळ, तेल, पॉलिश. म्हणजे निळा रंग काही काळ उघड्यावर होता, रस्त्यावर चालला होता, आणि मग त्यावर लाल चढला. सगळ्यात खालचा रंग निळा, त्याखाली मळाची रेघ नाही, दाखलाही निळा सांगतो. दोन स्वतंत्र प्रमाणं एका जागी आली. मी तिथे बाकावर बसलो आणि चहा मागवला.

लाल केव्हाचा, तेही थोडं कळलं. कापसावर थिनर घेऊन त्याने लालवर घासलं, कापूस लाल झाला. आजचा टू-पॅक रंग असता तर असा सुटला नसता. हा जुना नायट्रोसेल्युलोजचा रंग, ज्याला आपल्याकडे सरसकट डुको म्हणतात. आणि शेवटी घरच्या कपाटातून गाडीचं जुनं नोंदणीपुस्तक निघालं. त्यात आजोबा दुसरे मालक होते! रंगाच्या रकान्यात 'रेड'. पहिल्या मालकाच्या हातात निळी होती, आजोबांकडे येईपर्यंत ती लाल झाली होती. कारकून खरा, आजोबाही खरे. खोटा होता तो घरच्यांनी मधे घातलेला एक शब्द, 'नवी'. आजोबांनी लालच घेतली, पण नवी घेतली असं ते कधी म्हणालेच नव्हते.

इथे इतिहास आणला पाहिजे, कारण मुंबईत हा गोंधळ वारंवार होतो. इंग्लंडमधला माणूस 'कारखाना' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढे एक जागा असते. आपल्याकडे जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. सुटे भाग पेट्यांतून यायचे, गाडी इथे उभी राहायची. तेव्हा शिवडीत उभ्या राहिलेल्या शेव्हर्लेचा 'कारखान्याचा रंग' अमेरिकेच्या रंगपत्रकात शोधणं हीच मुळात चूक आहे. तो कारखाना १९५४ साली बंद झाला. पुढे परदेशी गाड्यांची आयात जवळजवळ थांबली. मग होती तीच गाडी वीस वर्षं, तीस वर्षं चालवायची, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत पत्रा टिकवायचा तर रंग देत राहायचा. लग्नकार्य आलं की भिंतींबरोबर गाडीही रंगवणारी घरं मी पाहिली आहेत. रंगही इथलाच. १९२० साली लोअर परळला सुरू झालेली गहागन पेंट्स पुढे गुडलास नेरोलॅक झाली. १९४२ साली, युद्धामुळे आयात अडलेली असताना, चार मित्रांनी आमच्या गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये एशियन पेंट्स सुरू केली. आमच्या वाडीपासून चालत पाच मिनिटं!

आणि 'जुनी गाडी म्हणजे काळीच' हाही एक समज. फोर्डची मॉडेल टी काळ्याच रंगात मिळायची ती १९१४ ते १९२५. त्याआधी ती लाल, हिरवी, करडी मिळत होती आणि १९२६पासून पुन्हा रंगीत झाली.

उपमानाबद्दल एकच सांगतो. रंगाच्या जुन्या नमुनापट्टीशी गाडी ताडून पाहतात. पण पट्टी कपाटात राहिलेली, गाडी उन्हात. दोघांचं वय सारखं, आयुष्य नाही. शिवाय ट्यूबलाइटखाली जुळणारे दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात. म्हणून जुळवायचं तर दिवसाउजेडी, आणि गाडीचा झाकलेला भाग घेऊन.

(एक चिठ्ठी आली आहे.) "मग गाडी निळी केली का?" बरोबर, प्रश्न हाच होता. विकायची झाली तर परदेशी गिऱ्हाईक मूळ छटेला जास्त पैसे मोजतं. एका जाणकाराने त्याला सांगितलं, सगळं खरवडून निळी कर. आपल्या सरकारने जुलै २०२१मध्ये व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, पहिल्या नोंदणीला वीस हजार रुपये. त्यात चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत फेरफार नको असं म्हटलंय. रंगाचा उल्लेख नाही. म्हणजे कायद्याने त्याला मोकळं सोडलं.

मला विचाराल तर सगळं खरवडणं हा पुरावा नष्ट करणं आहे. नवा निळा रंग दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बरोबर देईल, पण पहिल्या प्रश्नाचा साक्षीदार मारून. लाल ठेवा की निळी करा, हा प्रेमाचा आणि पैशाचा प्रश्न आहे, त्यात मी पडलो नाही. खालचे थर मात्र कुठेतरी राहू देत, एवढंच मी सांगितलं.

त्याने गाडी लालच ठेवली. आईंचा आग्रह. स्टेपनीखालची ती रुपयाएवढी जागा तशीच उघडी आहे, गंज चढू नये म्हणून वर फक्त पारदर्शक लॅकर मारलाय. दाखल्याची आणि नोंदणीपुस्तकाची प्रत एका पाकिटात घालून तिथेच ठेवली आहे, आणि पाकिटावर त्या पेंटरने मराठीत तारीख घालून सही केली आहे.

दुसरी चिठ्ठी आहे का कोणाची?