नाव-गाव लिहून द्या, मग या

सर हान्स स्लोन या बड्या वैद्याने आयुष्यभर वस्तू जमवल्या. नाणी, पुस्तकं, वाळवलेली झाडं, शिंपले मिळून ७१ हजारांवर. १७५३ मध्ये तो वारला. मुलींना २०,००० पौंड देऊन हा संग्रह देशाने घ्यावा, असं त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. सरकारी तिजोरीत एवढा पैसा नव्हता, म्हणून पार्लमेंटने लॉटरी काढली. तिकिटांच्या विक्रीत गैरव्यवहार झाले, बोंबाबोंब झाली, पण पैसा उभा राहिला. त्यातून लंडनच्या ब्लूम्सबरी भागातला मॉन्टेग्यू हाउस हा वाडा विकत घेतला आणि १५ जानेवारी १७५९ ला तिथे ब्रिटिश म्युझियम उघडलं.

प्रवेश फुकट होता, अभ्यासू आणि जिज्ञासू मंडळींसाठी. मात्र कोण जिज्ञासू आणि कोण उगाच आलेला, हे आतले लोक ठरवणार. आधी दारावर नाव, पत्ता, धंदा लिहून द्यायचा. ग्रंथपालाने होकार दिला तर पुन्हा येऊन तिकीट न्यायचं आणि त्यावरच्या दिवशी नेमक्या वेळी हजर राहायचं. लॉटरीला खिसा मोकळा करणाऱ्या लोकांनाच आता तिकिटासाठी खेटे घालावे लागत.

बर्मिंगहॅमचा पुस्तकविक्रेता विल्यम हटन १७८४ मध्ये लंडनला आला. त्याने दुसऱ्याच्या हातचं तिकीट जवळजवळ दोन शिलिंग मोजून घेतलं. दहाएक जणांच्या घोळक्यासोबत त्याला दालनांतून असं पिटाळलं, की अर्ध्या तासात तो बाहेर. वस्तूंची माहिती विचारली तर वाटाड्याने झिडकारलं. हटनने प्रवासवर्णनात सगळा राग ओकला, आणि म्हणूनच ही हकिकत आज आपल्याला ठाऊक आहे. बाकीचे किती जण निमूट घरी गेले असतील, कोण जाणे.

तिकिटांची भानगड १८१० मध्ये सुटली. आठवड्यातून तीन दिवस नीटनेटक्या कपड्यांतला कुणीही आत जाऊ लागला. पण सणासुदीला दारं बंदच. १८३५ मध्ये संसदीय समितीने मुख्य ग्रंथपाल सर हेन्री एलिस यांना त्याचं कारण विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की सुटीच्या दिवशी शहरातले उपद्रवी लोकच जास्त बाहेर पडतात. समितीला ते पटलं नाही. १८३७ च्या ईस्टर सोमवारी म्युझियम उघडं ठेवलं, तेव्हा एका दिवसात २३ हजारांवर माणसं येऊन गेली. घडायचं म्हणून जे भाकीत होतं, त्यातलं काहीच घडलं नाही.

घडलं ते ७ फेब्रुवारी १८४५ च्या दुपारी, सुटी नसलेल्या दिवशी. पोर्टलंड फुलदाणी ही रोमन काळातली गर्द निळ्या काचेची, वीतभर उंचीची वस्तू. तिच्यावर पांढऱ्या काचेत कोरलेल्या आकृत्या आहेत. विल्यम लॉइड नावाच्या तरुणाने शेजारचा एक दगडी अवशेष उचलून तिच्यावर हाणला आणि तिचा चक्काचूर केला. आठवडाभर पीत होतो, असं त्याने सांगितलं. खरी गंमत कोर्टात झाली. मोडतोडीचा कायदा पाच पौंडांपर्यंतच्या वस्तूंनाच लागू. फुलदाणी अमूल्य, म्हणून कायद्याच्या बाहेर! शेवटी फुलदाणीवरची काचेची पेटी फोडली म्हणून तीन पौंड दंड झाला, आणि तोही कुणीतरी नाव न सांगता भरून टाकला. म्युझियमच्या जॉन डबलडे या कारागिराने फुलदाणी पुन्हा जोडली, पण ३७ बारीक तुकडे कुठे बसतात ते त्यालाही उमगलं नाही.

कामगाराला दिवसा सवड नसते, हे हेन्री कोलने ओळखलं. १८५७ मध्ये त्याने साउथ केन्सिंग्टन म्युझियममध्ये गॅसचे दिवे लावून ते संध्याकाळी खुलं ठेवलं आणि खाण्यापिण्याचीही सोय केली. दारूच्या गुत्त्याऐवजी माणसं इथे यावीत, हा हिशेब. याच म्युझियमला १८९९ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव मिळालं. भायखळ्याच्या म्युझियमने मात्र ते १८७२ पासूनच लावलं होतं; आपण आज त्याला भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो. रविवारचा तिढा आणखी लांबला. देवाच्या दिवशी चित्रं बघायची की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद चालला आणि १८९६ मध्ये कुठे लंडनची राष्ट्रीय संग्रहालयं रविवारी उघडली.

पुढे भीतीचा रोख बायकांवर वळला. १० मार्च १९१४ ला मताधिकाराच्या चळवळीतल्या मेरी रिचर्डसनने नॅशनल गॅलरीत व्हेलास्केसच्या व्हीनसवर सुरा चालवला. त्यानंतर ब्रिटिश म्युझियमने नियम केला, की बाईने हमी देणाऱ्या पुरुषासोबत यावं, नाहीतर तशा पुरुषाचं शिफारसपत्र आणावं. काही महिन्यांत महायुद्ध पेटलं आणि चळवळीने हल्ले थांबवले.

१९७४ च्या जानेवारीत सरकारने राष्ट्रीय संग्रहालयांना प्रवेशशुल्क लावलं. फेब्रुवारीत निवडणूक झाली, सरकार बदललं आणि मार्चअखेर ते शुल्क गेलं. पुढे काही संग्रहालयांनी पुन्हा पैसे घ्यायला सुरुवात केली. डिसेंबर २००१ पासून मात्र राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमस्वरूपी संग्रह सर्वांना मोफत आहेत. खास प्रदर्शनांना अजूनही तिकीट पडतं, आणि ते स्वस्त नसतं.