भाजलेल्या मातीतून हायड्रोजन

1823 साली जर्मनीतल्या येना गावी योहान डोबेरायनर यांनी काचेच्या बरणीत हायड्रोजन भरून ती पाण्यावर पालथी ठेवली. बरणीला बारीकशी चीर गेली होती. काही तासांनी आतलं पाणी बाहेरच्या पातळीच्या वर चढलेलं दिसलं. हायड्रोजन चिरेतून निसटला होता, आणि त्याची जागा भरून काढण्याइतकी हवा तितक्या वेळात आत आली नव्हती.

हे कोडं ग्लासगोच्या थॉमस ग्रॅहमनी उचललं. चिरेऐवजी त्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसचं बूच वापरलं आणि 1833 मध्ये नियम मांडला: वायू जितका जड तितका तो सावकाश झिरपतो, आणि हा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ऑक्सिजनपेक्षा सोळापट हलका असलेला हायड्रोजन त्याच्या चौपट वेगाने पसरतो.

हायड्रोजन गाळण्याचा इतिहास बहुधा पॅलेडियम धातूपासून सांगतात, आणि पॅलेडियमचा हायड्रोजन आरपार जाऊ देण्याचा गुणही 1866 मध्ये ग्रॅहमनीच अभ्यासला. पण मला या कुळाचा मूळपुरुष त्याआधीचा, 1863 मधला वाटतो. तेव्हा ग्रॅहम लंडनच्या शाही टांकसाळीचे प्रमुख होते. तंबाखू ओढायच्या मातीच्या पाइपची, झिलई न दिलेली लांब नळी त्यांनी काचेच्या रुंद नळीत बसवली, मधली हवा पंपाने काढून घेतली आणि आतून हायड्रोजन-ऑक्सिजनचं स्फोटक मिश्रण सोडलं. माठातून पाणी पाझरावं तसा हायड्रोजन मातीच्या भिंतीतून बाहेर गेला. दुसऱ्या टोकाला आलेल्या वायूचा स्फोट होईना, उलट त्यात मेणबत्ती शुद्ध ऑक्सिजनमध्ये जळावी तशी लखलखीत जळली. बाजारात मिळणारी मातीची नळी आणि एक पंप, एवढ्यावर झालेलं हे काम मला आजही थक्क करतं. पुढे रॅले आणि रॅमसे यांनी 1895 मध्ये आरगॉनसाठी आणि अ‍ॅस्टननी 1913 मध्ये निऑनसाठी हीच पाइपची माती वापरली.

इंधनवायूच्या कारखान्यात मात्र ही माती पुरी पडत नाही. तापलेल्या कोळशावर वाफ सोडली की हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र बाहेर पडतात. ग्रॅहमच्या नियमाने हायड्रोजन फार तर पावणेचारपट वेगवान, म्हणजे एका फेरीत शुद्ध हायड्रोजन मिळणं अशक्य. मातीची छिद्रं रेणूंच्या मानाने प्रचंड मोठी, त्यामुळे तिथे फक्त वेगाचा फरक उपयोगी पडतो, आकाराचा नाही.

मग छिद्रं लहान करत जाणं आलं. हायड्रोजनच्या रेणूची रुंदी सुमारे 0.29 नॅनोमीटर, कार्बन मोनॉक्साइडची 0.38. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात सच्छिद्र अ‍ॅल्युमिनावर सिलिकाचा थर चढवण्याचं तंत्र घडत गेलं, आणि 1998 मध्ये दे व्होस आणि व्हेरवाय यांनी अवघ्या 30 नॅनोमीटर जाडीचा थर करून दाखवला. त्यातून हायड्रोजन जाई, मोठे रेणू अडत. अडचण वाफेची होती. तापलेल्या वाफेत सिलिकाची ही सूक्ष्म छिद्रं मिटत जातात, आणि इंधनवायूत तर वाफ असतेच.

दुसरी वाट छिद्रंच नसलेल्या सिरॅमिकची. 1981 मध्ये जपानच्या हिरोयासू इवाहारा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की स्ट्रॉन्शियम सिरेटमध्ये थोडं यटर्बियमसारखं मूलद्रव्य मिसळलं की ते तापल्यावर प्रोटॉन वाहून नेतं. मिसळलेल्या मूलद्रव्यामुळे स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. वाफेचे रेणू तिथे शिरतात आणि त्यांचे प्रोटॉन एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उड्या मारत पुढे सरकतात. कार्बन मोनॉक्साइडला अशी वाटच नाही, म्हणून पलीकडे जातो तो फक्त हायड्रोजन. सिरेटांना कार्बन डायऑक्साइड बाधतो, त्यांचे कार्बोनेट होतात. असंच प्रोटॉन वाहून नेणारं बेरियम झिर्कोनेट टिकतं, पण ते भाजून घट्ट करणं फार अवघड. या पेचावर वर्षानुवर्षं काम चाललं.

नॉर्वेतल्या एका गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये अशा प्रोटॉन वाहणाऱ्या सिरॅमिकच्या 36 घटांची प्रयोगशाळेत मावणारी रचना करून मिथेन, बायोगॅस आणि अमोनियापासून एकाच टप्प्यात शुद्ध हायड्रोजन काढला. मिथेन आणि वाफ यांची अभिक्रिया उष्णता खाते. वीज लावून प्रोटॉन ढकलताना सिरॅमिकमध्ये जी उष्णता निर्माण होते, तीच तिथे कामी येते. शिवाय हायड्रोजन सतत काढून घेतल्यामुळे अभिक्रिया पुढे सरकत राहते, आणि मागे उरतो तो दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड, वेगळा साठवायला तयार.