तळटीप : ‘सातव्या महिन्यात गाय गाभडली’

येथे लेखकाने वर्णिलेली लक्षणे ब्रुसेलोसिसशी, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताशी, जुळतात. या रोगात गाय बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभडते, वार अडकते, गर्भाशयाला सूज येते आणि पुढे ती वारंवार उलटते.

डेन्मार्कचे पशुवैद्य बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये या रोगाचा जिवाणू दाखवून दिला. माल्टातल्या तापाने दगावलेल्या सैनिकांमध्ये डेव्हिड ब्रूस यांना दहा वर्षे आधी सापडलेला जंतू याच्याच भाऊबंदांपैकी, हे अ‍ॅलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये मांडले. त्यावर अनेक नामवंतांनी अविश्वास दाखवला.

गाभण गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल हा शर्करेच्या जातीचा पदार्थ मुबलक असतो. जिवाणूला तो ग्लुकोजपेक्षाही मानवतो, म्हणून तो नेमका तिथेच फोफावतो. गाभडलेला गर्भ, वार आणि स्राव यांतून कोट्यवधी जंतू बाहेर पडतात. त्यांनी माखलेला चारा इतर गाई चाटतात. अडकलेली वार उघड्या हाताने ओढणाऱ्या माणसालाही हा ताप जडतो, न तापवलेल्या दुधातूनही जडतो. मालकाने अशा वेळी गाईच्या पायगुणाला दोष द्यावा आणि गर्भ उकिरड्यावर टाकावा, हे फार क्लेशदायक आहे. तो चुना घालून खोल पुरायला हवा.

भारतात २०१९ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना आयुष्यात एकदाच लस देतात. नरांना ती देत नाहीत, कारण तिच्यातल्या जिवंत जंतूंमुळे वृषणाला सूज येऊ शकते. — संपादक