धारूरच्या तटावर बायका कुठं आहेत?

 

हप्ता, व्याज, शेळीपालन, पीकविमा यांवर आपण इथं नेहमी बोलतो. आज बोलायचं आहे धारूरच्या किल्ल्यावर. कुणी म्हणेल, बचत गटाच्या बाईला किल्ल्याचं काय पडलंय? तेच सांगायचं आहे. आपण धारूरच्या बाजाराला जातो, घाट चढतो-उतरतो, पण किल्ल्याकडं आपले पाय क्वचितच वळतात. किल्ला म्हणजे राजे, तलवारी, तोफा, म्हणजे गड्यांचं काम, असं आपल्या मनात बसलेलं असतं. शाळेच्या पुस्तकातही तसंच वाचलेलं असतं. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, तरी माझ्याही मनात तेच होतं. पण धारूरची हकिगत नीट वाचली की तिच्यात ठिकठिकाणी बाया भेटतात. फक्त त्यांना शोधावं लागतं.

आधी किल्ला इथंच का, ते बघू. बालाघाटचा डोंगर म्हणजे आपल्या जिल्ह्याची कंबर. वर घाटमाथा आणि खाली गोदावरीकडं उतरत जाणारी गंगथडी. या डोंगराच्या काठावर जो बसला, त्याच्या नजरेत खालची वाट, मालाचे तांडे आणि फौजा सगळं येतं. सोळाव्या शतकात हा मुलूख दोन राज्यांच्या शिवेवर होता. एकीकडं अहमदनगरची निजामशाही आणि दुसरीकडं विजापूरची आदिलशाही. बांधावरच्या जमिनीची भांडणं कशी असतात ते आपल्याला सांगायला नको. इथं बांधाच्या जागी किल्ला होता, एवढाच फरक.

धारूरचा आजचा किल्ला विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वर खान यानं १५६७ च्या सुमारास उभा केला. हे काम त्यानं निजामशाहीच्या उरावर येऊन केलं. आता यातलं नातं बघा. या अली आदिलशहाची बायको म्हणजे चांदबिबी, आणि चांदबिबीचं माहेर अहमदनगर. तिच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आंदण दिला होता. आपल्याकडं लेकीला भांडी देतात, कपाट देतात. इथं किल्ला दिला. दोन घराण्यांची सोयरीक झाली आणि १५६५ साली तालिकोटची लढाई ती एकत्र लढली. त्याच वर्षी चांदबिबीचा बाप हुसेन निजामशहा वारला. गादीवर बसला तिचा भाऊ मुर्तजा. तो वयानं लहान, म्हणून कारभार आला आईच्या हाती. त्या आईचं नाव खुंजा हुमायून.

म्हणजे किल्ला बांधत होता जावयाचा सरदार, आणि ज्या राज्याला शह द्यायला तो बांधला जात होता, ते राज्य चालवत होती सासू. मायलेकी दोन बाजूंना आणि मध्ये धारूरचा डोंगर.

खुंजा हुमायूननं काही वर्षं राज्य चालवलं. ती पडद्याआड बसून राहिली नाही, फौजेबरोबर स्वतः मोहिमेवर गेली. तिनं सगळं चांगलंच केलं असं मी म्हणणार नाही. भावांना मोठमोठ्या जहागिऱ्या दिल्या आणि त्यामुळं सरदार बिथरले, असं फिरिश्ता नावाचा त्या काळाजवळचा इतिहासकार लिहितो. माहेरच्यांकडं जास्त बघते, हा ठपका आपल्यालाही नवा नाही. पुरुष राजेही आपल्या भाऊबंदांना जहागिऱ्या देतच होते, एवढं मात्र लक्षात ठेवावं.

१५६९ च्या सुमारास ती मुलाला घेऊन किश्वर खानावर, म्हणजे धारूरच्या दिशेनं निघाली. वाटेतच मुलानं आणि सरदारांनी मिळून तिला कैद केलं. तिला धरायला माणसं आली, तेव्हा तिनं हत्यारं घेऊन घोड्यावर मांड ठोकली, असं फिरिश्ता सांगतो. पण ती एकटी पडली.

मग मुर्तजा धारूरवर चालून आला. किश्वर खानानं त्याला उर्मट पत्र पाठवलं. मुर्तजा इतका भडकला की थेट किल्ल्यावर निघाला. चिलखत तरी घाला, अशी बरोबरच्यांना त्याची विनवणी करावी लागली. लढाईत किश्वर खानाला बाण लागला, तो मेला आणि किल्ला पडला. एवढे कडे, एवढा तट, आणि निकाल लागला एका बाणावर.

पुढची हकिगत १६३१ ची आहे. शाहजहान बादशहाचा सरदार आझम खान धारूरवर आला. त्या वेळचा बादशहानामा वर्णन करतो, की किल्ला डोंगराच्या सोंडेवर आहे आणि दोन बाजूंना खोल, अवघड दऱ्या आहेत. किल्ल्याखाली पेठ होती आणि आठवडी बाजार भरायचा. आधी झळ बसली ती या पेठेला. मग किल्ला पडला. कैद झालेल्यांत किल्लेदार सिद्दी सालिम होता, इतरांची बायकामुलं होती आणि निजामशहाची आजीही होती. पुढं मोगली कागदांत धारूरचं नाव ‘फतेहाबाद’ असंही येतं. फतेह म्हणजे विजय. ज्यांची पेठ लुटली, त्यांच्या गावाला नाव मिळालं विजयाचं.

हे साल आणखी एका गोष्टीसाठी ध्यानात ठेवा. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये आणि गुजरातेत फार मोठा दुष्काळ पडला होता. पाऊस नाही, चारा नाही आणि त्यात दोन्हीकडच्या फौजा मुलखातून फिरत होत्या. फौजेलाही धान्य लागतं, घोड्यांनाही चंदी लागते. ते कुणाच्या कणगीतून गेलं असेल ते आपल्याला न सांगताही कळतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या ग्रामसंघातल्या अकरा जणी किल्ल्यावर गेलो. ऊसतोडीला गेलेल्या जणी सोडून ज्या गावात होत्या, त्या आलो. भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या घेतल्या, आणि प्रत्येकीकडं मोबाईल होता. ठरवलं होतं की दरीच्या बाजूचा तट चालायचा आणि त्याचे फोटो काढायचे. गावाच्या बाजूनं जागा सपाट, म्हणून तिथं माणसानं जास्त राबून खंदक खोदला आणि भक्कम तट घातला. दरीकडं कडाच राखण करतो. पण चालायला अवघड तीच बाजू. पायाखाली सुटे दगड, एका हाताला तट, दुसरीकडं उतार आणि बोरी-बाभळीची झुडपं. साडीचा ओचा खोचून, एकमेकींचा हात धरून आम्ही गेलो.

आमच्यात एक काकू होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. ७२ च्या दुष्काळात त्यांनी लहान वयात खडी फोडली, नाल्याच्या बांधावर दगड वाहिले. सुकडी खाल्ली, मिलोची भाकरी खाल्ली. त्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर लाखो बाया होत्या; मराठवाड्यातले कितीतरी पाझर तलाव आणि रस्ते त्यांच्या डोक्यावरच्या पाट्यांतून झालेले आहेत. काकू तटापाशी थांबल्या. मोठ्या दगडांच्या सांध्यात बसवलेल्या कपच्या हातानं चाचपून बघितल्या आणि म्हणाल्या, “हे काम घाईचं न्हाई. चुना भिजवायला किती पानी लागलं आसंल? एवढ्या उंचावर कुनी आनलं?”

मला हा प्रश्न कुठल्याच पुस्तकात भेटला नव्हता. किल्ला कुणी बांधला याचं उत्तर पुस्तकात ‘किश्वर खान’ असं आहे. पण त्यानं एक दगड तरी उचलला असेल का? दगड घडवणारे, चुना मळणारे, पाणी वाहणारे यांची नावं कुणी लिहिली नाहीत. काकूंचं नावही त्यांनी बांधलेल्या बंधाऱ्यावर नाही.

म्हणून फोटोंबद्दल दोन शब्द. खुंजा हुमायूनची चित्रं होती. हुसेन निजामशहाच्या गौरवाचं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ नावाचं एक फारसी काव्य आहे. त्याची जुनी चित्रांची पोथी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्या चित्रांत राजाशेजारी राणी बसलेली होती. पुढं बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकली, तिच्या जागी रंग फासला. राजा आहे, सेवक आहेत, राणीच्या जागी डाग आहे. सत्ता गेल्यावर तिला चित्रातूनही काढलं, असं अभ्यासक मानतात. तिच्या लेकीला, चांदबिबीला, मात्र पुसता आलं नाही. १५९५-९६ मध्ये मोगलांनी अहमदनगरच्या किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडलं, तेव्हा ती स्वतः तिथं उभी राहिली आणि रातोरात ते बुजवून घेतलं. ते काम करणाऱ्या हातांची नावं मात्र आपल्याला माहीत नाहीत.

तेव्हा मैत्रिणींनो, किल्ल्यावर जाल तेव्हा फक्त सेल्फी काढून येऊ नका. सकाळी लवकर जा. तिरपं ऊन असताना दगडांचे सांधे, भेगा स्पष्ट दिसतात. तटाचा फोटो काढताना शेजारी एकीला उभं करा, म्हणजे उंची कळते आणि तटावर बाईही दिसते. एक जागा ठरवा आणि दरवर्षी तिथूनच फोटो काढा. कुठला दगड निखळला, कुठं पिंपळ उगवून भिंत फाकली, हे त्यावरून कळेल. तारीख, जागा आणि फोटोतल्या बाईचं नाव तिला विचारून गटाच्या वहीत लिहा. पावसाळ्यात दरीच्या बाजूला जाऊ नका, शेवाळावरून पाय सटकतो. ढासळलेल्या तटाच्या टोकावर चढू नका. आणि घराच्या जोत्याला किंवा चुलीला म्हणून किल्ल्याचा एकही दगड आणू नका. एकेक दगड करत तट संपतो.

गटाच्या वहीचं मोल आपल्याला ठाऊक आहे. वहीत नाव नसेल, तर बँक कर्ज देत नाही. इतिहासाची वहीही तशीच आहे. पुढच्या बैठकीत व्यवहार लिहून झाले, की दहा मिनिटं काढा. आपल्या गटात ७२ साली कामावर गेलेल्या कोण कोण आहेत, ते विचारा. कुठला तलाव, कुठला रस्ता, किती दिवस काम केलं, सोबत कोण होतं, ते लिहून घ्या. या बाया आता थकल्या आहेत. हे काम पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नका.