भगदाड आणि भेग

१७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून वसईच्या तटाला भगदाड पाडले. किल्ला आला, नवस फिटला, वज्रेश्वरीला देऊळ झाले. भगदाडाला इतिहासात जागा मिळाली. पण त्याच वज्रेश्वरीच्या रस्त्यावर आमच्या जीपच्या मागच्या आसाच्या हौसिंगला केसाएवढी भेग गेली, तिची बखर कोण लिहिणार? तेल टपटपू लागले. सौ. म्हणाली, "अभिषेक चाललाय जणू!" तेल आटले की आतले क्राऊन-पिनियन एकमेकांना खातात. मेस्त्रीने उरलेले तेल काढले, भेगेच्या दोन्ही टोकांना भोके पाडली. "साहेब, आता चीर पुढे पळत नाय." मग खाच करून वेल्डिंग. तट फोडणाऱ्याच्या नावे देऊळ राहते. भेग सांधणारा मजुरी आणि एक कटिंग चहा घेऊन दुसऱ्या गाडीखाली शिरतो.