पुण्याचे जुने वाडे आणि पाणी

पेशवाईंतील वाड्यांचें वर्णन करतांना नक्षीदार खांब व दिवाणखाने यांचाच उल्लेख बहुधा होतो. परंतु हे वाडे पाण्यापासून कसे राखीत, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या कमी महत्त्वाचा नाहीं. कारण ज्या घरांत दफ्तर, त्या घराची ओल ही दफ्तराचीहि ओल होय.

घरांत पाणी तीन वाटांनीं शिरतें : वरून, खालून व बाजूनें. पहिल्या दोन वाटा जुन्या गवंड्यांनीं नीट ओळखल्या होत्या. ते काळ्या पाषाणाचें घडीव जोतें बांधीत. हा दगड पाणी फारसें शोषीत नसल्यानें जमिनीची ओल भिंतींत सहसा चढत नसे. वर उतरतें कौलारू छप्पर असे. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून वळचण पुढें काढलेली असे. चौक सभोंवारच्या पडवीहून सखल ठेवून त्यांतील पाणी मोरीनें बाहेर काढीत. मृगापूर्वीं शाकारणी मात्र दरवर्षीं करावीच लागे.

तिसऱ्या वाटेस या रचनेंत उत्तर नव्हतें. भार लांकडी सांगाड्यावर असल्यानें अनेक भिंती, विशेषतः वरच्या मजल्यांच्या, कच्च्या विटांच्या असत. अशी भिंत कोरडी असेतोंपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पाण्यांत उभी राहिली कीं विरघळते. ता. १२ जुलै १९६१ (शके १८८३) रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. त्या दिवशीं कित्येक वाडे ढासळले, त्याचें एक मुख्य कारण हेंच.

तथापि पूर क्वचित् येतो, गळती दरवर्षीं येते. एका फुटक्या कौलाखालीं तुळईचें टोक कुजतें, तुळई खचते, मग भिंत फुगते. त्यावर सिमेंटचा गिलावा दिल्यास अपाय वाढतो. चुन्यांतून बाहेर पडणारा दमटपणा सिमेंटखालीं कोंडून राहतो.

मोडी कागदांवरील शाई काजळीची असल्यानें उन्हानें विटत नाहीं. परंतु तींतील डिंक पाण्यानें सुटतो व अक्षर पुसलें जातें. यास्तव ज्यांच्या घरीं जुने रुमाल आहेत त्यांस इतकीच विनंति कीं, ते माळ्यावर किंवा तळघरांत ठेवूं नयेत. मधल्या मजल्यावर, भिंतीपासून हातभर दूर, फळीवर ठेवावेत. कौल बदलतां येतें; गेलेलें अक्षर परत येत नाहीं.